मी पुसून टाकलेला हिवाळा

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. मगच सांगते. चहा घ्या, खारी घ्या, आणि तोंड खारीत गुंतलेलं असू द्या, म्हणजे मधेच फिस्सकन हसता येणार नाही.

तर झालं असं, की मी इंग्लंडचा एक हिवाळा पुसून टाकला.

नाही, खरंच! हरवला नाही, चोरला नाही, पुसला. ह्या हाताने. आणि पुसताना इतकी खूश होते की मधूनमधून गुणगुणत होते.

थांबा, पहिल्यापासून सांगते.

मी मूळची नागपूरची. इकडे बंगळुरूला आले तेव्हा बाबांनी अख्ख्या कॉलनीत सांगितलं, ‘आमची मृणाल आयटीत आहे.’ आता आयटीत म्हणजे काय, तर जयनगरला एका साड्यांच्या दुकानाच्या वर काळे पडदे लावलेली एक लांबट खोली. तिथे बसून आम्ही जुन्या फिल्मवरची धूळ पुसतो. हो, धूळच! जुनी फिल्म तिकडे परदेशात स्कॅन करतात, आमच्याकडे पाठवतात, आणि आम्ही एकेक चित्र समोर घेऊन त्यावरचे ठिपके, ओरखडे, केस, बुरशी असं काय काय काढत बसतो. एका सेकंदाच्या फिल्ममध्ये पंचवीस चित्रं. म्हणजे पडद्यावरचा माणूस नुसता शिंकला तरी आमची अर्धी दुपार जाते.

आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, ‘धूळ पुसायला एवढ्या लांब गेली काय गं तू? घरी तर कधी फडकं हातात धरलं नाही!’

त्या वर्षी आमच्याकडे इंग्लंडच्या जुन्या टीव्हीचं काम आलं. तुम्हाला माहीत आहे का, तिकडे आधी एकच वाहिनी होती. आपल्या दूरदर्शनसारखी, इस्त्री केलेली, घसा साफ करून बोलणारी. मग एकोणीसशे पन्नासच्या दशकात जाहिरातींवर चालणारी दुसरी वाहिनी निघाली, आणि लोकांच्या बैठकीच्या खोलीत एकदम जत्राच भरली! बक्षिसांचे खेळ आले. काचेच्या पेटीत माणसाला कोंडून, कानावर हेडफोन चढवून प्रश्न विचारायचे, आणि बिचारा आत घामाघूम. रविवारी रात्री नाचगाण्यांचा कार्यक्रम, शेवटी सगळे कलाकार एका गोल फिरणाऱ्या रंगमंचावर उभे राहून हात हलवत फिरायचे. जंगलात बाण मारणारे शूर वीर. इस्पितळातले देखणे डॉक्टर. आणि मधेच एक बाई येऊन साबणाच्या वडीकडे अशी बघायची, की आपल्याकडे कुणी नवऱ्याकडेही बघत नाही.

हे सगळं काळंपांढरं. आणि महत्त्वाचं म्हणजे, मुकं! आवाज साफ करायचं काम तिकडे इंग्लंडमध्येच दुसरे लोक करायचे. आमच्याकडे नुसती चित्रं. ओठ हलतायत, डोळे भरतायत, माणसं टाळ्या वाजवतायत, आणि खोलीत फक्त एसीची घरघर.

काय सांगू, मी त्या करड्या जगात विरघळूनच गेले. दुपारी खालच्या दर्शिनीतून, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलातून, कॉफीचा वास वर यायचा, पडद्याच्या फटीतून उन्हाची एक बारीक रेघ टेबलावर यायची, आणि समोर मी कधीच न पाहिलेल्या गावातली माणसं टोप्या उचलून एकमेकांना नमस्कार करायची. मी त्यांच्या गालावरचा ठिपका हळूच पुसायचे. असं वाटायचं, आपण झोपलेल्या माणसाच्या अंगावरची चादर सारखी करतोय. संध्याकाळी ऑटोतून बसवनगुडीला परतताना फुलवाल्या अक्कांच्या टोपलीतली शेवंतीसुद्धा मला करडी दिसायची. ऑटोवाल्याने विचारलं, ‘मॅडम, एल्ली?’ म्हणजे कुठे, तर मी त्याच्या गालावर धूळ आहे का ते बघत बसायचे.

त्यातली एक मालिका तर माझ्या जिवालाच लागली. एका गल्लीत एक लाँड्री. ती चालवणारी एक बाई, चाळिशीची, कपाळावर आलेली बट सारखी मागे सारणारी. आणि दर भागात तिथे एक बस कंडक्टर यायचा. हातात एकच शर्ट. शर्ट द्यायचा, टोपी काढायचा, काहीतरी बोलायचा, ती हसायची, तो जायचा. आवाज नाही, त्यामुळे नावं कळायला मार्ग नाही. मग मीच ठेवली. तिचं नाव लतावहिनी आणि त्याचं वसंतराव.

हसलात ना? म्हणूनच आधी कबूल करून घेतलं होतं.

मी बसवनगुडीला सुमती अक्कांच्या घरी वरच्या खोलीत राहते. अक्का मराठीच, पण पणजोबांपासून इथल्याच. त्यामुळे मराठी बोलता बोलता मधेच कन्नड सांडते. सत्तरीच्या आहेत, रात्री जेवताना त्यांना सोबत लागते. एकदा मी सहज लतावहिनींचं सांगितलं, आणि झालं! रोज ताट वाढलं की पहिला प्रश्न तोच.

‘मग, आज आला होता का तो?’

‘आला होता ना. आज तिने त्याच्या शर्टाचं बटण लावून दिलं.’

‘हौदा? खरंच?’ अक्कांचा घास हातातच. ‘मग काय म्हणाला?’

‘आवाज नाही हो अक्का. पण मला वाटतं, तो म्हणाला असेल की, तुम्ही लावलेलं बटण तुटतच नाही, मग मी पुन्हा यायचं तरी कशाला!’

‘अय्यो, किती गोड! स्वल्प सारू घे भातावर. आणि तो विचारणार कधी लग्नाचं?’

‘विचारेल. लाजाळू आहे.’

आता बघा, हे ‘म्हणाला असेल’ आधी होतं. चार-आठ दिवसांत ते ‘म्हणाला’ झालं. मी बेधडक संवाद रचून सांगत होते, आणि अक्का देवासमोर दिवा लावताना वसंतरावांना धीर यावा म्हणून हात जोडत होत्या.

आणि मग आला तो भाग.

आमचे टीम लीड प्रसन्न सर. मैसूरचे, शांत, माझ्याशी हिंदीत बोलतात. त्यांनी सांगितलं, ‘मॅडम, ये वाला स्पेशल है. बाकी सब एपिसोड तो उन लोगों ने उसी टाइम फेंक दिया. बस थोडेसे बचे हैं. उसमें ये सबसे इम्पॉर्टन्ट. ये अच्छा हुआ तो पूरा काम हमको मिलेगा. और आपका कन्फर्मेशन भी इसी पे.’

मी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होते. भाग उघडला, तर सोबत इंग्लंडच्या ब्रेंडाबाईंची सूचना. तिकडचं हे जुनं भांडार त्याच सांभाळतात. सूचना काय? तर, ‘उत्तरार्धात स्नो आहे. प्लीज टेक केअर ऑफ इट.’

टेक केअर ऑफ इट! आता तुम्हीच सांगा, आमच्या ऑफिसात हे वाक्य कुणी उच्चारलं की त्याचा अर्थ एकच असतो : निकाल लावा. बग आलाय, टेक केअर ऑफ इट. एसी गळतोय, टेक केअर ऑफ इट. कुणाला सांभाळा, जपा, जिवापाड ठेवा, असं म्हणायचं असेल हे माझ्या स्वप्नातही नाही!

राहता राहिला स्नो. मी प्रसन्न सरांना विचारलं.

‘स्नो मतलब वो टीवी में सफेद-सफेद आता है ना, सिग्नल जाने के बाद,’ ते म्हणाले.

‘मुंग्या!’ मी ओरडले. आमच्याकडे अँटेना हलला की टीव्हीवर मुंग्या यायच्या, बाबा गच्चीवर चढायचे, आणि आम्ही खालून ‘आल्या! गेल्या! परत आल्या!’ करायचो.

‘हां, वही,’ सर म्हणाले. मुंग्या म्हणजे काय ते त्यांना कळलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

उत्तरार्ध लावला. बाप्पा रे! अख्ख्या चित्रभर पांढरे ठिपके. लाँड्रीच्या दारात लतावहिनी आणि वसंतराव उभे, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर, टोपीवर, पाटीवर, सगळीकडे नुसती पांढरी घाण. रस्तासुद्धा पांढराफटक. म्हटलं, फिल्म जुनी आहे, चित्र उडालं असेल.

आता तुम्ही म्हणाल, बये, तुला कळलं नाही? अहो, मी नागपूरची! बर्फ म्हणजे आमच्याकडे गोळेवाल्याच्या हातगाडीवर, वर लाल सरबत घातलेला. तो आकाशातून कुठे पडतो?

मी कामाला लागले. एकेक चित्र, एकेक ठिपका. कॉम्प्युटर मधेच शंका काढायचा, ‘हे नक्की काढायचं?’ मी म्हणायचे, ‘नक्की.’ आणि जसजसे ठिपके जायला लागले, तसतसं ते दृश्य काय उमललं म्हणून सांगू! वसंतराव मान वर करून रिकाम्या आकाशाकडे बघतात. लतावहिनीही बघतात. दोघं काहीच नसलेल्या आकाशाकडे बघून हसतात. मग तो हळूच तिच्या खांद्यावरून हात फिरवतो, जसं काही झटकतोय. खांद्यावर तर काहीच नाही! म्हणजे निमित्तच ना ते? मग तो छत्री उघडतो. स्वच्छ हवा, आणि छत्री! ती तळहात पुढे करते, आणि त्या रिकाम्या तळहाताकडे दोघं बघत राहतात.

माझे डोळे भरून आले. प्रेमात पडलेल्या माणसांना काय काय दिसतं!

त्या रात्री अक्कांना सांगितलं, तर त्यांनी पदर डोळ्याला लावला. ‘छत्री उघडली? ऊन नाही, पाऊस नाही, आणि छत्री?’

‘तिच्यावर कुणाची नजर पडू नये म्हणून, अक्का.’

‘सरी, सरी, बरोबर आहे,’ अक्का म्हणाल्या. ‘आता विचारतो बघ तो.’ आणि दुसऱ्या दिवशी वसंतरावांच्या नावाने त्यांनी गोड शिरा केला.

प्रसन्न सरांनी काम पाहिलं. ‘सूपर, मॅडम! एक भी दाग नहीं!’ त्यांनी ते मालकांना दाखवलं. मालक म्हणाले, फाइल नुसती पाठवू नका, व्हिडिओ कॉलवर दाखवा. ब्रेंडाबाईंनी कळवलं, फार छान, आम्हीही तिकडून आवाज जोडून ठेवतो, आणि माझे वडीलही बघायला बसतील.

कॉलच्या दिवशी मी नवा कुडता घातला होता, नेहमीची काळी टिकली लावली होती.

पडद्यावर ब्रेंडाबाईंची खोली दिसली. त्या स्वतःच साठीपुढच्या, आणि शेजारी गुडघ्यांवर शाल घेऊन नव्वदी ओलांडलेले त्यांचे वडील. गुलाबी चेहरा, कानाला यंत्र, हातात चहाचा कप. नाव आर्थर. ते आमच्याकडे बघून हसले, आणि मला एकदम माझ्याच आजोबांसारखे वाटले.

चित्र सुरू झालं. आणि पहिल्यांदाच, आवाज!

लाँड्रीचं दार उघडलं. वसंतरावांनी मान वर केली आणि भरदार आवाजात म्हणाले, ‘बघ तरी, केवढा बर्फ पडतोय!’

पडद्यावर आकाश स्वच्छ, कोरडं.

लतावहिनी म्हणाल्या, ‘अगं बाई, उशी फाटल्यासारखा! आत ये, टोपीवर बघ किती साठलाय.’ टोपीवर काय साठलं होतं? माझं कर्तृत्व! ‘तुझ्या खांद्यावरही,’ तो म्हणाला, आणि तिचा चकचकीत कोरडा खांदा झटकायला लागला. मग छत्री उघडली. मग तिने रिकामा तळहात पुढे करून म्हटलं, ‘अरे, विरघळतच नाही बघ हा!’

विरघळणार काय! जागेवर असेल तर ना!

आर्थर आजोबांनी कप खाली ठेवला, पुढे वाकले, चष्मा पुसला, परत बघितलं.

‘थांबला,’ ते लेकीला म्हणाले.

‘काय थांबलं, डॅड?’

‘माझा बर्फ.’

मग ब्रेंडाबाईंनी जे सांगितलं, ते ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आजोबा त्या स्टुडिओत कामाला होते. सामान लावणं, दारं हलवणं, वाऱ्याचा पंखा फिरवणं. वर्षानुवर्षं. पडद्यावर ना कधी चेहरा, ना नाव. त्या भागात मात्र शिडीवर बसून त्यांनी उशीतली पिसं आणि साबणाचा कीस चाळणीतून खाली सोडला होता. कार्यक्रम तेव्हा थेट जायचे, फिल्म नुसती नोंद म्हणून उतरवायचे, चुकायला वाव नाही. घरी त्यांच्या आईने सगळ्या गल्लीला बोलावून टीव्हीकडे बोट दाखवलं होतं : तो बघा, तो पडतोय ना, तो आमचा आर्थर!

टीव्हीवर तेवढेच होते ते. आणि तेवढे मी पुसले होते. एक भी दाग नहीं!

‘आय ॲम सॉरी,’ मी म्हणाले. ‘आय थॉट... मुंग्या.’

‘व्हॉट इज मुंग्या?’ आजोबांनी विचारलं.

प्रसन्न सर म्हणाले, ‘अँट्स, सर.’ आता त्यांना कळलं होतं.

आजोबांनी कानाचं यंत्र नीट केलं. आणि मग हसायला लागले. खांदे हलवत, शाल घसरेपर्यंत. ‘अँट्स!’ ते लेकीला म्हणाले. ‘डायरेक्टरसुद्धा तेव्हा हेच म्हणाला होता, पहिल्या तालमीला!’

मूळ स्कॅन शाबूत होतं म्हणून वाचले. पण आता उलटं काम. खरी धूळ काढायची आणि बर्फ ठेवायचा. दोन्ही पांढरे, दोन्ही एवढे एवढेसे! प्रसन्न सर शेजारी खुर्ची घेऊन बसले. आम्ही चित्र पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिलो, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं. धूळ एका चित्रात असते आणि पुढच्यात नसते. बर्फ मात्र पुढच्या चित्रात थोडा खाली असतो, त्याच्या पुढच्यात अजून थोडा खाली. मी एकेका पिसाच्या मागे जायला लागले. वरच्या कडेतून निघायचं, पाटीवरून तिरकं वळायचं, तिच्या बटेला चाटून जायचं, आणि कुठेतरी करड्या अंधारात मिसळायचं. बाहेर जयनगरची दुपार, खाली साड्यांच्या दुकानातली गाणी, आणि माझ्या टेबलावर अख्खा आठवडा बर्फ पडत होता. आवाज न करता. खरं सांगते, मला थंडी वाजायची.

दोन पिसं मात्र खालून वर जात होती. आता बर्फ वर कसा जाईल? पुसणारच होते. पण हात आखडला. म्हटलं, आता विचारल्याशिवाय काही नाही.

पुन्हा कॉल झाला. बर्फ पडायला लागला. आजोबांचा हात मांडीवर बारीक बारीक हलत होता, चाळणी धरल्यासारखा. ती दोन पिसं वर गेली, तसे ते टाळी वाजवून ओरडले, ‘तिथे! तिथे मला शिंक आली होती!’

ब्रेंडाबाईंनी डोळे पुसले. काम आम्हाला मिळालं. माझं कन्फर्मेशनही झालं. गोष्ट इथे संपली असती तर माझी अब्रू थोडीफार तरी राहिली असती.

पण घरी अक्का वाट बघत होत्या. ‘मग? आता आवाज आला म्हणतेस. विचारलं का त्याने?’

मी शेवटचा संवाद कॉलवर ऐकला होता. मला सांगवेना. ‘अक्का... ते भाऊ-बहीण आहेत हो.’

अक्कांनी घास परत ताटात ठेवला.

‘एनम्मा, काय हे! भाऊ? मग मेल्याने शर्ट घरीच धुवायचा की!’ आणि ताटातला हात काढून त्या म्हणाल्या, ‘माझा शिरा फुकट गेला.’

ह्या सगळ्याचा परिणाम असा झाला की मी कमालीची सावध झाले, कपाळ पडद्याला टेकेपर्यंत वाकून बघायला लागले. पुढचा कार्यक्रम तो काचेच्या पेटीतला, प्रश्नांचा. पहिल्याच दृश्यात मला एक काळा ठिपका दिसला. प्रश्न विचारणाऱ्याच्या नाकावर. पुढच्या दृश्यात तोच ठिपका घामाघूम माणसाच्या टायवर. मग जाहिरातीतल्या बाईच्या साबणावर. माणसं बदलत होती, ठिपका जागेवर! मी पुसायला गेले, तर पुसलाही जाईना. म्हटलं, मृणाल, हात आवर. हा ऐतिहासिक ठिपका दिसतोय. त्या काळच्या कॅमेऱ्याच्या काचेवरचा असणार. कुणाच्या तरी आजोबांचा असेल!

मी ब्रेंडाबाईंना लांबलचक मेल लिहिला. अत्यंत आदराने. तिकडे त्यांनी माणसं बसवली. मूळ फिल्म बाहेर काढली, भिंग लावून बघितली. ठिपका नाही. त्यांनी विचारलं, नेमका कुठे? मी पडद्याचा फोटो कॉम्प्युटरवरच काढला, ठिपक्याभोवती लाल गोल काढला आणि पाठवला. उत्तर आलं : ‘तुमच्या गोलात आम्हाला काहीच दिसत नाही. पण आर्थर अजून शोधतायत.’

मी तो मेल वाचत होते, आणि माझ्या अंगावर काटा आला. ‘आर्थर’ ह्या शब्दावर तोच काळा ठिपका!

‘सर!’ मी किंचाळले. ‘वो मेल में भी आ गया!’

प्रसन्न सर आले. पडद्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग पुढे वाकून नखाने तो ठिपका हलकेच सोडवला, बोटाच्या टोकावर घेतला आणि माझ्यासमोर धरला. काळी, गोल, सगळ्यात लहान नंबरची टिकली.

‘मॅडम,’ ते अगदी शांतपणे म्हणाले, ‘ये आपका है?’

आणि मी काय केलं असेल? तुम्हाला खोटं वाटेल. मी म्हटलं, ‘थांबा सर, ब्रेंडाबाईंना विचारल्याशिवाय सांगता येणार नाही,’ आणि मगच कपाळाला हात लावून बघितला.